आमच्या गावचे काजू

जपानमध्ये सुट्टीवरून परत येताना सोबतच्या सगळ्यांसाठी खाऊ आणायचा रिवाज आहे. नागोयाच्या विद्यापीठातल्या आमच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या खोलीतही तो पाळला जातो, आणि मी तो जरा जास्तच पाळते. सिंधुदुर्गात माझ्या दादाचा काजूचा कारखाना आहे. त्यामुळे दरवेळी मी काजूची छोटी छोटी पाकिटं चहाच्या टेबलावर मांडते आणि वर जपानीत चिठ्ठी ठेवते, ‘आमच्या गावचे काजू’. कोणी विचारलं तर लाल माती, खारा वारा असं काहीबाही सांगते. न विचारलं तरी सांगते.

खरं म्हणजे गावची बी कारखान्याला जेमतेम पावसाळ्यापर्यंत पुरते. पुढे आम्ही फोडतो ती पश्चिम आफ्रिकेतून बोटीने आलेली बी. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण चिठ्ठीवर जागा ती किती असणार!

माझ्या शेजारच्या टेबलावर पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनहून आलेली एक मैत्रीण पीएचडी करते. यंदाही तिने माझे काजू खाल्ले, माझी लाल माती ऐकून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सेमिनारमध्ये स्वतःच्या देशाच्या अर्थव्यवस्थेवर बोलायला उभी राहिली. काजू आम्ही पिकवतो, ती म्हणाली, पण फोडणं, सोलणं, निवडणं ही सगळी कामं आणि त्यांची मजुरी बोटीबरोबर परदेशी जाते. कच्ची बी बाहेर पाठवणं बंदच व्हायला हवं.

दादाचा कारखाना त्याच बीवर चालतो, गावातल्या कितीतरी बायकांची चूल त्यावर पेटते, आणि माझं शिक्षणही त्यावरच झालं. मी हात वर केला आणि अत्यंत विद्वान आवाजात म्हटलं, "पण तुमच्याकडे ते कौशल्य आहे का? ज्याला जे जमतं ते त्याने करावं, हेच किफायतशीर नाही का?"

शाळेत असताना, इंग्रजांनी आमचा कापूस नेला आणि त्याचंच कापड आम्हाला विकलं, यावर मुठी आवळून बोलून वक्तृत्वाची ढाल जिंकणारी मुलगी ती मीच. आता मी मँचेस्टरच्या गिरण्यांची वकिली करत होते, तीही फुकट. आमचे सेन्सेई, म्हणजे प्राध्यापक, कौतुकाने मान डोलावत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सेमिनार संपल्यावर ती माझ्याकडे आली. रागावलेली नव्हती.

"कौशल्य नाही हे खरंय," ती म्हणाली. "माझ्या मावशीच्या गावात बायका मिळून छोटा कारखाना काढतायत. तुझ्या दादाचा कारखाना मला बघू देशील? बी वाफवतात कशी, गर अख्खा निघतो कसा, सगळं शिकायचंय."

पुस्तकातलं उत्तर मला येत होतं, घरचं येत नव्हतं. मी दादाला फोन लावला.

तो म्हणाला, "येवंदे तिका. सगळा दाखवतंय. पण ती लोका थयच बी फोडूक लागली, तर आमच्या हयच्या बायकांनी काय करूचा?"

मी ते जसंच्या तसं तिला सांगितलं. जरा गोड करून सांगायचा मोह झाला होता, पण त्या दिवसापुरती माझी विद्वत्ता संपली होती.

"आमच्या बायका हेच विचारतात," ती म्हणाली. "बी घेऊन बोट सुटते तेव्हा."