दुर्गाकाकूंची पांढरी पूड

माझे वडील कोपरीच्या मिठागरावर कामाला होते आणि आई तिथेच मिठाच्या टोपल्या वाहायची. दोघांच्या पायांना बारा महिने भेगा आणि त्या भेगांत मीठ. पावसाळ्यात मिठागर बंद पडायचं. मग चार महिने वडील दारात बसून आभाळाला शिव्या द्यायचे आणि आई स्टेशनापलीकडे नौपाड्यात भांडी घासायला जायची. आमच्यात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. घरात कागद यायचा तो वाण्याच्या पुडीचाच.

नौपाड्यातल्या त्या घरांपैकी एक दुर्गाकाकूंचं. काकूंचे यजमान कोर्टात कारकून होते. आईच्या मागोमाग मी पहिल्यांदा त्यांच्या मोरीत शिरले, तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. काकूंनी माझं नाव विचारलं नाही. हनुवटीला बोट लावून माझं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि आईला म्हणाल्या, "पार्वती, तुझ्या पोरीला मिशी येणार."

माणूस ओळखायची त्यांची हीच रीत. समोर कुणीही बाई आली की काकूंची नजर आधी ओठावर, मग हनुवटीवर, मग हातांवर. माझ्या शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. विद्वान बाई, गावभर त्यांचं कौतुक. काकू त्यांना भेटून आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "हनुवटीवर तीन आहेत. काय शिकवणार?" त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "केस शोभतात ते डोक्यावर. बाकी सगळं रान."

हे रान साफ करण्याचं सगळं सामान त्यांनी बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात ठेवलं होतं आणि प्रत्येक वस्तूबद्दल त्यांचं मत तयार असे. गोवरीच्या राखेने चिमटीत केस चांगला धरता येतो, पण ती दळभद्री रीत. दोऱ्याने कातडी सैल पडते. हळद आणि डाळीचं पीठ ज्यांचं लग्न दहा वर्षांवर आहे त्यांनी लावावं. चिमटा चांगला, पण तो रोज लागतो, आणि रोज काही करण्याइतकी अक्कल बायकांत नसते. म्हणजे काकूंखेरीज इतर बायकांत.

एकदा मी म्हटलं, मग वस्तराच का नाही फिरवायचा? काकूंनी हातातली पाय घासायची वज्री खाली ठेवली. म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंच्या डोक्यावरून फिरताना पाहिलाय मी तो. नवरा गेल्यापासून दर पंधरा दिवसांनी. या घरात तो बाईच्या अंगाला लागणार नाही." त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकच वाक्य, जे ऐकून मी गप्प बसले. बाकीच्या वेळी गप्प बसत होते ते आईच्या कामासाठी.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक झाले. नौपाड्यातल्या तीन वकिलांनी मिळून हुशार मुलींच्या कॉलेजच्या फीची सोय काढली होती. मुलीने त्यांच्यासमोर येऊन बोलायचं आणि सोबत ओळखीचं कुणीतरी हवं. आमच्या ओळखीचं त्या वस्तीत कोण असणार? काकू. त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. "मिशी घेऊन मी तुला चारचौघांत नेणार नाही, भागीरथी. आधी ती जाईल, मग आपण जाऊ."

इतक्या मोठ्या कामाला राख, दोरा, चिमटा त्यांना पुरेसे वाटले नाहीत. मुंबईहून त्यांनी पूड मागवली होती. पांढरी, पाण्यात कालवली की नासक्या अंड्यासारखा वास येणारी. डबीत इंग्रजी कागद होता. पाच मिनिटांहून जास्त ठेवू नये, असं त्यावर लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं. काकूंनी कागद घेऊन चुलीत घातला. "मॅट्रिक झालीस म्हणून मला शिकवू नकोस. एक रामरक्षा म्हणेपर्यंत ठेवायची." भिंतीवर घड्याळ होतं, त्याकडे मी बोट दाखवलं. त्यावर म्हणाल्या, "घड्याळ मागे-पुढे होतं. रामरक्षा होत नाही."

काकूंचा आणखी एक नेम होता. पाठ मध्ये तुटला तर तो वाया गेला, पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी पाठ अर्ध्यावर आला असेल-नसेल, तोच यजमान चष्मा शोधत आले. काकूंनी खुणा केल्या, त्यांना त्या कळल्या नाहीत. शेवटी काकू ओरडल्या, "कपाळावर आहे तुमच्या." मग डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तोवर माझा ओठ पेटला होता. बोलले असते तर पूड तोंडात गेली असती. पुसली असती तर काकू गेल्या असत्या आणि त्यांच्यासोबत कॉलेज. मी पाटाच्या कडा धरून बसले. काकू एकही अक्षर न गाळता, सावकाश, शेवटापर्यंत म्हणत राहिल्या.

केस गेले. बरोबर कातडीही गेली. घरी आल्यावर आई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "कोनी जालला गं तुजा तोंड?" मी सांगितलं. आई नौपाड्याच्या दिशेने थुंकली, मग ओठाला खोबरेल लावलं आणि म्हणाली, "जा तरी. तोंडानं बोलायचाय, ओठ दावायचा नाय."

दुसऱ्या दिवशी वकिलांसमोर उभी राहिले. ओठ लालभडक, सुजलेला. मधल्या वकिलांनी विचारलं, हे काय झालं? मी तोंड उघडायच्या आत काकू गोड आवाजात म्हणाल्या, "वाफेनं भाजलं हो. घरचा सगळा स्वयंपाक एकटी करते." काकूंना वाटलं, केवढा गुण चिकटवला मला.

मला ते सहन झालं नाही. आमच्या घरी वाफ येईल इतकं शिजत नव्हतं. मी म्हटलं, "नाही. मिशी काढायला पूड लावली होती. पाच मिनिटं ठेवायची, असं तिच्या कागदावर लिहिलं होतं. काकूंनी रामरक्षा दीड वेळा म्हटली."

एक वकील खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळले. मधले हसले नाहीत. त्यांनी विचारलं, कागद कोणत्या भाषेत होता? इंग्रजीत, मी म्हटलं. कुणी वाचला? मी. त्यांनी मला तो जसा आठवत होता तसा म्हणून दाखवायला सांगितला. मी म्हणून दाखवला, मराठीत अर्थही सांगितला. फी मंजूर झाली.

रस्त्यावर आल्यावर काकू म्हणाल्या, "माझं नाक कापलंस. आता माझ्या दारात पाय ठेवू नकोस." पुढची चार वर्षं त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आईला मात्र विचारायच्या, ती मिशाळ पास झाली का? फीच्या कागदावर दर वर्षी नौपाड्यातल्या एका माणसाची सही लागायची. ती सही काकूंच्या यजमानांची असायची. कागद त्यांच्यापुढे कोण सरकवतं हे आईने मला खूप उशिरा सांगितलं. ते कळल्यावरही काकू मला आवडू लागल्या नाहीत. जे खरं ते लिहिते आहे.

निकाल लागला त्या दिवशी मी न विचारता त्यांच्या दारात पाय ठेवला. काकू खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर तो डबा, हातात चिमटा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी निकालाबद्दल विचारलं नाही. माझं तोंड उजेडाकडे वळवलं, अगदी जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "पुन्हा आलीच की."

"आली," मी म्हटलं.

त्यांच्या हनुवटीवर तीन होते. मी मोजले. मग त्यांच्या हातातून चिमटा घेतला, तिन्ही काढले आणि चिमटा पुसून डब्यात ठेवला.

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.