व्यंकटरावांच्या दोन चिठ्ठ्या

व्यंकटरावांना उर्दू वाचता येई आणि मोडीही. निजामाच्या अमदानीत दफ्तरात चिकटलेल्या माणसाला उर्दू यावं यात नवल नाही. मोडी मात्र वडिलांनी छडी दाखवून गिरवून घेतली होती. पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी ही विद्या त्यांच्या अंगाशी आली.

बिडकीनला जमिनीचे जुने कागद वाचायला एक कारकून पाठवायचा होता. उर्दू किंवा मोडी, काहीही येणारा चालेल. जायला कुणीच राजी नव्हतं. व्यंकटराव तर मुळीच नाहीत. औरंगपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत उमाबाईंना नुकती नोकरी लागली होती, आणि कितीतरी बदल्यांनंतर नवरा-बायको एका ताटलीतलं लोणचं वाटून खात होते.

हेडक्लार्क तात्यासाहेबांनी चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं. उर्दूवाले बारा, मोडीवाले दहा. बावीस चिठ्ठ्या टोपीत पडल्या.

"तात्यासाहेब, आपण माणसं बावीस आहोत?"

"बारा न् दहा किती होतात, व्यंकटराव?"

"बावीस. पण दोन्ही येणाऱ्या आम्हा चौघांना दोन्हींकडं मोजलंय. माणसं अठराच. माझं नाव टोपीत दोनदा आहे!"

"विद्या दोन, तर चिठ्ठ्याही दोन. मान आहे तुमचा."

"असला मान नको. इतरांना बावीसात एक धोका, मला अकरात एक!"

नुसती मोडी येणारे काकासाहेब खवळले. "राहू द्या की तसंच! चार चिठ्ठ्या कमी केल्या तर आमचा धोका अठरात एक होतो. लई हुशार तुम्ही!"

काकासाहेबांचा हिशेब अचूक होता. स्वतःवर आलं की माणसाला गणित झटकन येतं.

पण तात्यासाहेबांना पटलं. जास्तीच्या चार चिठ्ठ्या काढून फाडल्या. शिपाई सांडूनं डोळे मिटून टोपीत हात घातला. निघालेली चिठ्ठी तात्यासाहेबांनी दोनदा वाचली, मग हळूच म्हणाले, "व्यंकटराव."

काकासाहेब हसले नाहीत. उठून त्यांनी पानाचा डबा व्यंकटरावांपुढं केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वळकटी गुंडाळताना व्यंकटरावांनी बायकोला सगळं पुन्हा समजावून सांगितलं. "म्हणजे उमा, अन्याय झालेला नाही. अठरात एक म्हणजे शून्य नव्हे ना! मी निव्वळ नशिबानं जातोय."

उमाबाईंनी वळकटीची दोरी त्यांच्या हातात दिली.

"मग नशिबानंच आवळा. माझी शाळेची वेळ झाली." उंबऱ्यापाशी त्या थांबल्या. "अन् दर शनिवारच्या मोटारीनं या. तुम्ही न येण्याची शक्यता मी मोजत बसणार नाही."