भाच्यावर उचललेला हात

जळगावच्या 'वाघूर' संघात निंबाला बास्केटबॉल खेळायला घेतलं होतं असं कुणी म्हणालं, तर त्याने निंबाचा एकही सामना पाहिलेला नाही एवढंच समजा. त्याला घेतलं होतं मारायला. खान्देशातली ही लहानशी लीग, सहा संघ, पगारी खेळाडू, वर पत्रे आणि खाली सिमेंटचं मैदान. पडलं की कातडं सोलून निघतं. समोरच्या संघात जो भारी खेळे, त्याच्या अंगाला निंबा चिकटे आणि पंचाची पाठ फिरली की कोपर हाणे. भुसावळच्या एकाचं नाक त्याने फोडलं होतं, चोपड्याच्या एकाचे पुढचे दात पाडले होते. गावी, असोद्यात केळीचे घड वाहून कमावलेले खांदे होते ते. लोक त्याच्या नावाने बोंबलत, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडे.

भाचा प्रेमराज मात्र त्याचा जीव की प्राण. बहीण दिपमाला धुळ्याला दिलेली, तिचा हा एकुलता एक. पोरगा दर सुट्टीत असोद्याला येई, म्हणून निंबाने केळीच्या वखारीच्या भिंतीवर लोखंडी कडं ठोकलं आणि त्याला खेळ शिकवला. कोपर कसं हाणायचं तेही शिकवलं, स्वतःच्या बरगड्या पुढे करून. "मार, अजून जोरात मार," म्हणे. स्वतः मात्र त्याने पोराला कधी टपलीसुद्धा मारली नाही. भाच्यावर हात उचलला तर मामाचे हात जन्मभर थरथर कापतात, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. एवढा दांडगा गडी, पण निंबा ते मनापासून मानत होता.

यंदा प्रेमराजला धुळ्याच्या 'पांझरा' संघाने घेतलं, आणि जळगावच्या मैदानावर अंतिम सामन्याला मामा-भाचे समोरासमोर आले. दिपमाला पहिल्या रांगेत बसली होती. चेंडू उडायच्या आधी निंबा रीतीप्रमाणे वाकून भाच्याच्या पाया पडला. प्रेक्षक फिदीफिदी हसले. दिपमालाने मात्र निर्धास्तपणे पदर सावरला.

पहिला निम्मा सामना निंबा नुसता हात वर करून भाच्यापुढे पळत राहिला. प्रेमराज त्याच्या बगलेतून घुसून टोपलीत चेंडू टाकत सुटला. मध्यंतरात प्रशिक्षक जीवराम सरांनी पाण्याची बाटली निंबाच्या छातीवर फेकून मारली.

"गुडघा फोड त्याचा! नाहीतर परत मैदानात पाऊल टाकू नको."

"भाचा हाये तो, सर. त्याच्यावर हात नाही टाकत मी."

"भाचा घरी. इथे तो सात नंबर."

निंबा तरीही मैदानात उतरला. आपण हात उचलायचा नाही, हे त्याचं ठरलेलं होतं.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि निंबाच्या बरगडीत प्रेमराजचं कोपर बसलं. चुकून लागलं असेल, त्याने मनाची समजूत घातली. दुसरं भुवईवर आलं. कातडी फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. पंच दुसरीकडे बघत होता. हे आपणच शिकवलेलं कोपर आहे, हे निंबाने लगेच ओळखलं. प्रेमराज कानाशी आला आणि हसला.

"तू नही मारशी, मामा. तुना हात कापतीन ना!"

जखमेपेक्षा ते हसू निंबाला झोंबलं. आपली माया या पोराने ढालीसारखी वापरली, हे त्याला सहन होईना. तिसरं कोपर गळ्यावर बसलं आणि त्याचा श्वास कोंडला. मग त्याने मूठ वळली. पहिल्या ठोशाने प्रेमराजचा जबडा कडकन वाजला. दुसऱ्याने तो टोपलीच्या खांबावर जाऊन आदळला आणि खाली कोसळला. निंबा त्याच्या छातीवर बसला आणि मारतच राहिला. भुसावळचं नाक, चोपड्याचे दात, सगळं त्या मुठीच्या सवयीचं होतं. धुळ्याच्या लोकांनी खुर्च्या भिरकावल्या, जळगावकरांनी त्या उलट फेकल्या, पंचाचं डोकं फुटलं. चौघांनी मिळून निंबाला मागे ओढलं.

दिपमाला धावत आली. लेकाचं डोकं तिने मांडीवर घेतलं. त्याचा जबडा एका बाजूला लोंबत होता, डोळे मिटलेले होते, श्वास तेवढा चालू होता. निंबा भानावर आला. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याने रक्ताने माखलेला उजवा हात पुढे केला.

"मारलं मी त्याले, बहिनी," तो कसाबसा म्हणाला.

दिपमालाने त्याचं मनगट धरलं. कितीतरी वेळ ती त्या हाताकडे बघत राहिली.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "तुना हात कापी बी नही राहिना."

निंबाने पाहिलं. हात अगदी स्थिर होता. तिने मनगट सोडून दिलं. मग तिच्यासाठी त्याने तो मुद्दाम थरथरवून पाहिला, पण तोवर तिने तोंड फिरवलं होतं.