श्रीधरकाकांनी न काढलेलं पान

काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. "अगं, सकाळी चहा ठेवायला सांगितला आणि... उठलेच नाहीत," एवढंच त्या बोलल्या. श्रीधरकाकांना जाऊन आता सहा आठवडे झाले.

ते माझे सख्खे काका नव्हेत. नोकरीसाठी मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला आले तेव्हा मराठी मंडळात ओळख झाली, आणि मी एकटी राहते हे कळल्यावर ते दर रविवारी जेवायला बोलावू लागले. पंचवीस वर्षं गॅसच्या पाइपलाइनवर घालवलेला इंजिनिअर. मी पत्रकांच्या घरातली. वडील नागपूरला कामगारांची पत्रकं छापायचे, घोषणा मला पाढ्यांच्या आधी पाठ होत्या. पहिल्याच रविवारी मी काकांना "भांडवलदारांचे नोकर" म्हणून मोकळी झाले. "हो ना," ते म्हणाले, "आता नोकराच्या हातची आमटी घे."

२००६ च्या जानेवारीत रशियाने युक्रेनचा गॅस तोडला, आणि तिथून पुढे युरोपला जाणारा गॅसही कमी झाला. मी पेटले. साम्राज्यशाहीवर चार पानी पत्रक लिहून काकांपुढे टाकलं. त्यांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"रशियाला शिव्या भरपूर आहेत, बरोबरच आहेत. पण एकाच पाइपवर घरं तापवायचं ठरवलं कोणी? स्वस्त मिळतोय म्हणून गप्प बसले, ते कुठे आहेत यात?"

"ते बिचारे गिऱ्हाईक आहेत, काका!"

"गिऱ्हाईक कसलं, यार! ज्याला दुकान बदलता येतं ते गिऱ्हाईक. उद्या रशियाने शेजाऱ्याचा गळा धरला, तर यांचा मंत्री तोंड उघडण्याआधी बाहेर थंडी किती आहे ते बघेल. नळ बंद करावा लागतच नाही, पोरी. बंद करता येतो, एवढं पुरतं."

त्याच वर्षी त्यांच्या कंपनीकडे युरोपातल्या एका गॅस वितरकाचं काम आलं. रशियाशी आणखी कित्येक वर्षांचा करार करावा का, असा सल्ला हवा होता. काकांनी अहवालात एक पान घातलं... ऐन थंडीत पुरवठा थांबला तर साठा किती दिवस पुरेल, आणि तेवढ्या दिवसांत तिथल्या सरकारला काय काय कबूल करावं लागेल. साहेब म्हणाला, हे राजकारण आहे, काढून टाक. काका म्हणाले, पान निघालं तर माझी सहीही निघाली.

त्यांची ग्रीन कार्डाची रांग संपत आली होती. नोकरी गेली की पुन्हा पहिल्यापासून. काकूही त्यांच्याच व्हिसाच्या आधाराने इथे होत्या. "काकूंना विचारलंत तरी का?" मी नंतर चिडून म्हटलं.

"विचारलं ना. म्हणाली, खोटं लिहून आलात तर वर्षभर घरात तोंड पाडून बसाल, ते मला बघवणार नाही."

पान काढलं गेलं आणि सही दुसऱ्याने केली. काकांची नोकरी गेली, दुसरीकडे लहानशी मिळाली, आणि ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मी अर्थातच पत्रक काढायला निघाले. "माझ्यावर पत्रक काढलंस तर आमटी बंद!" काकांनी दम दिला. ते मी पाळलं. आज मोडते आहे.

माझा संताप कमी व्हावा असं त्यांना कधी वाटलं नाही. फक्त त्या संतापाने आधी नीट माहिती घ्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं. आज काहीही लिहायला घेतलं की मी स्वतःला विचारते, हे बंद पडलं तर किती दिवस निभेल, आणि यात कोण गप्प बसलंय? ही सवय त्यांनी लावली. आमच्या घरातल्या सगळ्या पत्रकांनी मिळून मला एवढं शिकवलं नव्हतं.

काका गेले तेव्हाही ती रांग संपली नव्हती, त्यामुळे काकूंना इथे राहायची परवानगीही उरली नाही. गेल्या शनिवारी मी त्यांना काकांच्याच गाडीतून विमानतळावर सोडलं. गाडी त्यांनी मला दिली आहे. वाटेत धीर करून विचारलं, "काकू, त्या पानाचा राग येतो का हो?"

"येतो. घर आवरताना रोज आला..." मग डोळे पुसून म्हणाल्या, "पण सही नाकारली त्या दिवशी ऑफिसातून शीळ घालत घरी आले होते गं." उतरताना त्यांनी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. "टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नकोस हं. त्यांना चालत नाही."

परतताना काटा निम्म्यावर आला. हायवेवरून बाहेर पडायच्या दोनच एक्झिट पुढे घर होतं. मी पंपाकडे वळले.