काकांची बसायची ठिकाणं

आमच्या कॉम्प्युटरला अजून माहीत नाही की काका गेले.

आज सकाळी लॉगिन केलं, तर त्यांच्या नावापुढे लाल अक्षरांत 'फॉलोअप बाकी'. म्हणून त्यांच्या मुलाला फोन लावला, तेव्हा कळलं. परवा झोपेतच गेले.

काका आष्टीच्या आठवडी बाजारात कापड विकायचे. हृदयाच्या बायपास ऑपरेशननंतर एसटीनं वर्ध्याला आमच्या कार्डियाक रिहॅबमध्ये यायचे. व्यायाम करून घ्यायला फिजिओ, आणि टॅबलेट घेऊन प्रश्न विचारायला मी, नर्स.

दम लागतो? नाही.

छातीत दुखतं? नाही.

थकवा? "मस्त हाये, सिस्टर."

स्क्रीनवर सगळं हिरवंगार. इतका ठणठणीत हार्ट पेशंट मी तरी पाहिला नव्हता.

एकदा काकू सोबत आल्या. काका व्यायामाच्या सायकलवर बसले तशा माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "खोटं बोलून राह्यले हे. आंघोळ झाली का भितीले टेकून उभे राह्यतेत."

आता मला चैन पडेना. त्रास लपवणारे पेशंट पुष्कळ पाहिलेत. पण इतक्या लांबून न चुकता यायचं, घाम गाळायचा आणि वर खोटं बोलायचं, हे कशासाठी?

सरळ विचारलं. काका आधी हसले, मग बोलले.

"दम लागते मनलं का तुमी ते यात लिहान. मंग डॉक्टर मले घरी बसवतीन. बाजार सुटला तं मी काय करू, सांगा?"

म्हणजे त्यांच्या लेखी माझा टॅबलेट ही पोलिसातली तक्रारच!

बाजारात परत जाता यावं म्हणूनच लिहिते, असं मी समजावलं. पटलं नाही. त्या दिवसांत दुकान मुलगा मांडायचा आणि काका नुसतेच जाऊन बसायचे. मग मी प्रश्नच बदलला. स्टँडपासून दुकानापर्यंत जाताना कुठं कुठं बसता?

काका सुटलेच. पिंपळाचा पार, मग सलूनचा बाक, मग चपलावाला, मग चहाची टपरी. प्रत्येक ठिकाणच्या गप्पांसकट.

रेकॉर्डमध्ये खाली 'इतर नोंद' असा चौकोन असतो, सहसा कोणी भरत नाही. मी त्यात पिंपळ, सलून, चपला, चहा लिहू लागले. माझी ड्यूटी नसली की दुसरी सिस्टर तेच वाचून पुढचं विचारायची.

एका आठवड्यात ठिकाणं वाढली, म्हणजे दम वाढला होता. मी डॉक्टरांना स्क्रीन दाखवली. तपासणी झाली, गोळ्या बदलल्या. बाजार मात्र कोणी बंद केला नाही, आणि काकांना नवल त्याचंच वाटलं.

हळूहळू पार सुटला, सलून सुटलं, चपलावालाही सुटला. टपरी काही सुटेना. तिथं अजून दम लागतो का, मी काळजीनं विचारलं.

"नाई वो. तो चायवाला दोस्त हाये माहा."

पुढे काका पुन्हा दुकानावर उभे राहिले. गठ्ठे मुलगा उचलायचा, भाव काका करायचे. काकू म्हणायच्या, घरात पाय टिकत नाही यांचा.

आज फोनवरही मी सवयीनं नर्ससारखंच विचारलं. आदल्या दिवशी काही त्रास सांगितला होता का?

"नाई, सिस्टर," मुलगा म्हणाला. "जेवले अन् मनले, उद्या बाजार हाये, मले लवकर उठवजो."

फोन ठेवला. फार रडू आलं.

काका, तुमच्या सिस्टरचा शेवटचा नमस्कार.