जीन कोणाच्या घराण्यातलं?

त्या दिवशी आभाळ सकाळपासून भरून होतं, पण पडत काही नव्हतं. वारा नाही, पान हलत नाही, अंगाला नुसता घाम. शेतात सोयाबीन सोंगून गंज्या लागलेल्या, आणि आमच्या मेडशी गावातला जो तो ताडपत्री शोधत हिंडत होता. अशा दिवशी मी गंजी तशीच सोडून अकोल्याच्या एसटीत बसलो. शेजारी थोरली लेक मंदा. तिच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, औषधं संपली होती, केसही परत आले होते. तरी डॉक्टरीणबाईंनी निरोप धाडला होता, बापाला घेऊन या.

हा रोग काही हसायचा नाही. पण घरात रोग आला की माणसं जे बोलतात, ते खळ्यावरच्या कुटारासारखं, भुशासारखं साचत जातं. सगळं कुठं ठेवायचं? म्हणून सांगतो.

*

डॉक्टरीणबाई वयानं नातीएवढ्या. म्हणाल्या, "बाबा, मंदाताईंच्या जीनमध्ये एक बदल सापडला. तो घराण्यातून आलेला आहे."

कापसातून सरकी काढायच्या कारखान्याला आमच्याकडे जीन म्हणतात. म्हटलं, "बाई, कोणीतरी चुकीची खबर देली तुमाले. आमच्या घराण्यात जीन कोणाचंच नोतं. माह्या बापानं वाशीमच्या जिनात कापसाचे बोजे वाह्यले, तेवढाच संबंध."

मंदा पदरात तोंड घालून हसायला लागली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच अशी हसली. म्हणून मी जिनाबद्दल आणखी थोडं सांगितलं.

मग बाईंनी समजावलं. हे जीन अंगातलं. अर्धं मायकडून येतं, अर्धं बापाकडून. त्यातल्या एखाद्या बदलानं छातीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. होईलच असं नाही, पण इतरांपेक्षा जास्त. धाकट्या लेकीत, शोभात तो असेल किंवा नसेल, दोन्हीची शक्यता सारखीच. रक्त तपासलं तर कळेल, आणि कळलं तर वेळेवर लक्ष ठेवता येईल.

"म्हंजे वाण," मी म्हटलं.

"वाणच म्हणा."

शोभा अनसिंगला देलेली. तिला तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, माह्या पूजाची सोयरीक जुळून राह्यली. पोरीच्या मायच्या रक्तात खोट हाये असं गावभर झालं, तर कोण करीन तिले? लग्न होऊ द्या, मंग पाहू."

लग्न कधी, ते देवाला ठाऊक. रोग मुहूर्त पाहत नाही. एका लेकीचं पाहिलं होतं, दुसरीचं पाहायची माझ्यात ताकद नव्हती.

*

मंदाला हे कोणाकडून आलं, ते पाहायला आम्हा दोघा म्हाताऱ्यांचं रक्त मागितलं. म्हातारी तयार होईना. "माह्या माहेरात असं काही नाही."

मी म्हटलं, "माही बहीण गाठीनंच गेली होती, ते विसरली काय?"

"गेली. पण बायकायचा रोग पुरुषाकडून कसा येईन? येईन तर माह्याकडूनच. म्हनूनच नाही देत."

शेवटी आली. रक्त घेताना नर्सबाईला म्हणते, "बाई, दोघायचं येगयेगळं ठेवजो. ह्यायचं माह्यावर नोको येऊ देऊ."

*

रिपोर्ट घ्यायला मी एकटाच गेलो. बाकावर सगळ्या बायका. मी उभाच राहिलो, तर एक मावशी म्हणाली, "बाबा, आजी कुठं गेल्या?"

"आजी घरी हाये. नंबर माहाच हाये."

तिनं मला पायापासून फेट्यापर्यंत पाहिलं. मग सरकून जागा देली. "बसा. आता पुरुषमाणसंबी आले आपल्यात."

*

रिपोर्ट आला. वाण माझ्याकडूनच होतं. म्हातारी साफ.

तिनं आधी भावाला फोन केला. "दादा, आपल्यात काही नाही निघालं." मग मला चहा देला, त्यात साखर रोजच्यापेक्षा जास्त. मी म्हटलं, "खुशीची दिसते."

"तोंड गोड करा," ती म्हणाली. "इतके दिवस मंदापायी मी मलेच दोष देत होती." आणि चुलीकडे वळून जाळ सारायला लागली.

*

शेजारी देवराव म्हणजे गावचा भोंगा. दिवस मावळायच्या आत पारावर सगळ्यांना कळलं. मी गेलो तर तो म्हणतो, "काहून हो किसनभाऊ, बायकायचा रोग तुमच्यात शिरला कसा?"

मी तंबाखू मळून घेतली. "देवराव, कालवडीले दूध चांगलं यावं म्हनून तू काय पाह्यतं?"

"वळू पाह्यतो."

"वळू कुठं दूध देते?"

देवराव म्हणाला, "म्हंजे तुमी वळू निघाले तर."

तेव्हापासून पारावर माझं नाव तेच.

*

शोभा ऐकेना म्हणून मी अनसिंगला गेलो. विहीणबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. शोभा मागून डोळ्यांनी खुणावते, बोलू नका. मी विचारलं, "विहीणबाई, पेरणीआधी तुमी सोयाबीनची उगवण पाह्यता का?"

"पाह्यतो ना. ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून ठेवतो."

"कमी उगवले तर बियाणं फेकता?"

"फेकाले काय फुकट येते, इवाई? थोडं दाट पेरतो."

"मंग शोभाचं रक्त पाहू द्या." आणि मी मंदापासूनची वाणाची सगळी गोष्ट सांगितली.

विहीणबाईंनी सूप खाली ठेवलं. "ते मी कवाच पाहू देलं असतं. मले इचारलं कोणं? ह्या सुनबाई माह्या भेवानं लपून राह्यल्या, अन् मी समजून राह्यली माहेरची याद येते म्हनून तोंड पाडून बसते."

शोभाचं रक्त गेलं. तिच्यातही तो बदल निघाला. गाठ मात्र कुठंच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात, आता दर वर्षी तपासायचं. शोभा तेवढ्यापुरती बरी होती. पण पूजाच्या सोयरिकीचं नाव निघालं की ताटावरून उठून जायची.

*

आणि मग मुलाकडची माणसं मेडशीला आली, पोरीच्या आजोळची चौकशी करायला. आमच्याकडे चौकशी घरी करत नाहीत, शेजाऱ्याकडे करतात. जीप सरळ देवरावच्या दारात थांबली. मी भिंतीअलीकडे, म्हातारी माझ्यामागे, तिच्या हातातला फोन सुरू आणि पलीकडे अनसिंगात शोभा. भिंतीतून कपबशा तेवढ्या ऐकू येत होत्या. जीप गेली तसा मी देवरावकडे गेलो. म्हटलं, "काय सांगितलं रे?"

देवराव म्हणाला, "त्यायनं इचारलं, घराण्यात काही रोगराई? म्या म्हनलं, हाये ना. ह्या घरच्यायनं तपासून घेतलं, म्हनून ह्यायचं मालूम हाये. तुमचं कोणाले मालूम हाये? मंग काय, किसनभाऊ, चहा पेले, पोरगी पसंत हाये म्हने, अन् जाता जाता मुलाच्या बापानं दवाखान्याचा पत्ता इचारून घेतला."