आईने चालवलेल्या दोन गाड्या

बाबांची अँबॅसॅडर आणि मामाची पद्मिनी, दोन्ही माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. रस्त्यावर नव्या छोट्या गाड्या भराभर दिसू लागल्या होत्या, तरी हे दोघे भांडायचे ते आपापल्या जुन्या गाडीवरूनच. बाबा दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत, मामा फरीदाबादच्या एका कारखान्यात इंजिनिअर. रविवारी आम्ही त्याच्याकडे गेलो की ताटावरच सुरू.

"पंधराशे सीसीचं इंजिन आहे," बाबा म्हणायचे. "तुझं जेमतेम अकराशे. सहा माणसं बसवून बघ एकदा."

"बिल्कुल बसवा भाऊजी! पण एका लिटरमध्ये माझी तुमच्यापुढे तीन-चार किलोमीटर जाते, त्याचं काय?"

एका रविवारी मामाने घराजवळच्या नव्या सेक्टरात शर्यत ठरवली. तिथे प्लॉट पाडले होते, रस्ता रुंद झाला होता, घर मात्र एकही नव्हतं. दोघांनी दोनदा गाड्या पळवल्या, दोन्ही वेळा पद्मिनी पुढे.

बाबांना पटेना. "हा ड्रायव्हरचा फरक आहे. दोन्ही गाड्या एकाच माणसाने चालवायला हव्यात."

"मग चालवणार कोण? तुम्ही चालवलेली मला चालायची नाही."

"मी चालवते," आई म्हणाली.

बाबा मोठ्याने हसले. मामी हसली नाही. तिने मामाच्या हातातून किल्ली घेतली आणि आईला दिली.

आई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची. गेले चार महिने दर शनिवारी शाळा सुटली की ती फरीदाबादला यायची. "वहिनीला जरा मदत," असं घरी सांगायची. मामा कंपनीच्या बसने कामावर गेलेला असायचा, पद्मिनी दारात उभी असायची, आणि मामी तिला शिकवायची. लायसन्स पर्समध्ये होतं. तिने ते काढून दाखवलं, तेव्हा बाबांनी ते इतक्यांदा उलटसुलट करून पाहिलं की मला त्यांची दया आली.

पद्मिनी तिने सहज वळवून आणली. अँबॅसॅडरचं स्टिअरिंग फिरवताना मात्र तिला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. पहिल्या गिअरला गाडी कुरकुरली, एकदा बंदही पडली. बाबा पुढे धावले, तिने काचेतूनच त्यांना थांबवलं. दुसऱ्यांदा निघाली ती थेट रस्त्याच्या टोकापर्यंत. परतताना पदर खांद्यावरून घसरला होता आणि ती हसत होती.

"दादाची हलकी आहे," ती उतरून म्हणाली. "वळते छान, गिअरही पटकन पडतो. आपली जड, पण खड्डा कळत नाही."

"ते ठीक गं. पण चांगली कुठली?" बाबांनी विचारलं.

"उद्या मला शाळेत चालवत न्यायला मिळेल ती."

मामी टाळ्या वाजवायला लागली. बाबांनी मामाकडे पाहिलं, मग अँबॅसॅडरची किल्ली आईच्याच हातात राहू दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"चलो," ते म्हणाले, "पण हायवेवर सावकाश हं."

मी मागे एकटीच ऐसपैस बसले होते. दिल्ली येईपर्यंत बाबा एकदाही "ब्रेक" म्हणाले नाहीत.